शंभर किक्कारांचं काय?

यहूदाचा राजा अमस्या पंचविसाव्या वर्षी गादीवर बसला. त्याची हकीकत बायबलमधल्या 'दुसरा इतिहास' या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे. हा अध्याय उपासनेत फारसा वाचला जात नाही. दावीद, शलमोन, हिज्कीया यांच्यावर आपण कितीतरी प्रवचनं ऐकतो. अमस्या वगळला जातो. पण सुरुवातीलाच त्याच्याबद्दल एक वाक्य आहे आणि ते मला अनेक वर्षं स्वस्थ बसू देत नाही. परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केलं, पण पूर्ण मनाने केलं नाही.

म्हणजे त्याने केलं. टाळलं नाही, उलटं वागला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला नाव ठेवायला जागा नव्हती.

शेजारच्या अदोम राष्ट्राशी लढायला त्याच्याकडे स्वतःचे तीन लाख योद्धे होते. तेवढ्यावर भागेना, म्हणून त्याने इस्राएलातून आणखी एक लाख भाडोत्री सैनिक घेतले आणि त्यांना शंभर किक्कार चांदी मोजली. आजच्या मापात तीन टनांहून जास्तच. मग देवाचा एक माणूस आला आणि म्हणाला, राजा, हे सैन्य बरोबर नेऊ नकोस, परमेश्वर त्यांच्याबरोबर नाही. यावर अमस्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठी मला हा अध्याय जपून ठेवावासा वाटतो. त्याने विचारलं, मग मी दिलेल्या शंभर किक्कारांचं काय?

उत्तर मिळालं: याहून कितीतरी जास्त द्यायला परमेश्वर समर्थ आहे.

राजाने ऐकलं. सैन्य परत पाठवलं, चांदी सोडली. इथे गोष्ट संपती तर ती आपण संडेस्कूलमध्ये चित्रं काढून शिकवली असती. पण परत पाठवलेले सैनिक भडकले आणि जाताजाता यहूदाची गावं लुटत गेले. तीन हजार माणसं मारली. आज्ञा पाळली त्याची किंमत पुन्हा एकदा मोजावी लागली. पुढे अमस्या लढाई जिंकला, आणि जिंकून येताना त्याने हरलेल्या लोकांच्या मूर्ती घरी आणल्या, त्यांच्यापुढे धूप जाळला. ज्या देवांना स्वतःच्या लोकांना वाचवता आलं नाही, त्यांच्यापुढे!

त्या मूर्ती त्याने का आणल्या, हे बायबल सांगत नाही. मला मात्र त्यात शंभर किक्कार दिसतात. चांदी हातून गेली होती, मनातून गेली नव्हती. खातं उघडंच होतं आणि मन वसुलीला निघालं होतं. नंतर एक संदेष्टा समजवायला आला तेव्हा राजाने त्याला मध्येच तोडलं: तुला राजाचा मंत्री कुणी केलं? देवासाठी एवढं सोसलं, आता मला कुणी शिकवायचं नाही, असा तो सूर. हा सूर आपल्या मंडळ्यांमधून मी पुष्कळदा ऐकला आहे.

ख्रिस्ती आयुष्यात 'समर्पण' हा शब्द आपण फार वापरतो. पुण्यात कन्व्हेन्शन भरतं, बाहेरून वक्ते येतात, शेवटच्या रात्री हाक दिली जाते, लोक पुढे जातात. माणसं रडतात आणि ते रडणं खरं असतं. माझ्या घरातली माणसं अशा रात्रींनी बदललेली आहेत, त्यामुळे त्या रात्रींना मी कधी हलकं म्हणणार नाही. पण त्या रात्री जे दिलं त्याचा हिशेब पुढे उघडा राहतो की मिटतो, हे खूप उशिरा कळतं. दहा-वीस वर्षांनी कळतं. तीस वर्षं गायनमंडळात गायलेल्या माणसाला एका ख्रिसमसला सोलो मिळाला नाही, तेव्हा कळतं. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत पडल्यावर कुणी उपासनेला यायचंच थांबवतो, तेव्हा कळतं. बाकाला आपल्या वडिलांच्या नावाची पाटी हवी म्हणून दोन कुटुंबं एकमेकांशी बोलेनाशी होतात. ही माणसं ढोंगी नसतात. त्यांनी खरंच दिलेलं असतं: वेळ, पैसा, तब्येत. फक्त देताना मनाने पावती जपून ठेवलेली असते.

प्रभूने सर्वांत मोठी आज्ञा सांगितली ती पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने आणि पूर्ण शक्तीने प्रीती करण्याची. चार वेळा 'पूर्ण'. लहानपणी मला वाटायचं, याचा अर्थ खूप. खूप प्रार्थना, खूप उपवास, खूप उत्साह. आज वाटतं की इथे मापाची गोष्टच नाही. मंदिराच्या दानपेटीपाशी त्या गरीब विधवेने टाकल्या त्या दोन टोल्या, अगदी हलकी नाणी. दोन होत्या, म्हणजे एक ठेवून घेता आली असती. कुणी नाव ठेवलं नसतं. अर्धं देणारी बाई कुठल्याही मंडळीत दानशूर ठरते. तिने दुसरीही टाकली. आणि ती टाकून ती निघून गेली, येशू आपल्याबद्दल काय म्हणाला हे तिला कधी कळलंही नसेल.

आता एक अवघड गोष्ट, जी आपण उपासनेत बोलत नाही आणि बाहेर उभं राहून खूप बोलतो.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित समाजातून आलेला आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना आजही नाही. म्हणून अशी कुटुंबं आहेत की जी दर रविवारी उपासनेला येतात, मुलांना संडेस्कूलला पाठवतात, घरात संध्याकाळची प्रार्थना चुकवत नाहीत, पण मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळा धर्म लिहिलेला असतो. इंजिनिअरिंगची फी, वसतिगृह, नोकरी, सगळं त्या एका रकान्यावर टांगलेलं असतं. काही जण बाप्तिस्मा पुढे ढकलत राहतात. काही घेतात, पण रजिस्टरमध्ये नाव नको म्हणतात.

त्यांना अर्ध्या मनाचे म्हणणारे लोक मला भेटतात. बहुतेक वेळा तीन पिढ्यांपूर्वीच मिशनच्या शाळेत शिकून, नोकऱ्या मिळवून, कॅम्पात किंवा खडकीत घरं करून बसलेल्या कुटुंबातले. माझंही कुटुंब त्यातलंच. मला हा न्याय मान्य नाही. त्यांच्यापुढे शंभर किक्कार खरोखरीचे आहेत: वजनदार, मोजता येणारे, मुलाच्या आयुष्याचे. आमच्यापुढे ते कधी ठेवलेच गेले नाहीत, म्हणून आमचं मन पूर्ण आहे असं आम्हाला वाटत राहतं. आणि ज्या ठिकाणी आमची किंमत लागते तिथे बघा. मुलीचं लग्न ठरवताना 'मुलगा विश्वासात आहे ना?' हा पहिला प्रश्न, आणि आवाज खाली करून विचारलेला दुसरा प्रश्न, 'पण मूळचे कोण?' बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तीन पिढ्या गेल्या तरी हा दुसरा प्रश्न कोरडाच आहे. इथे कायदा आड येत नाही, फी बुडत नाही, नोकरी जात नाही. इथे कुणी अडवलेलं नसताना आम्ही अडतो. अर्धं मन शोधायचंच असेल तर मी आधी इथे शोधेन.

आणि तरीही असे काही जण आहेतच ज्यांनी तो रकाना बदलून घेतला. एका ताईंना मी ओळखते. त्यांनी दाखल्यावर खरं ते लिहिलं आणि मुलाच्या शिक्षणासाठी रात्रपाळी धरली. त्यांच्या तोंडून 'आम्ही प्रभूसाठी किती सोसलं' हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, 'लिहायचं होतं ते लिहिलं, आता काय त्याचं.' एवढंच. मग लगेच तुमच्या पोराची दहावी कशी चाललीय, अभ्यास करतो का, असं विचारतात.

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. शिक्रापूर किंवा सासवडला जाणाऱ्या पुणेकरांना केडगाव ठाऊक असतंच असं नाही, पण मराठी ख्रिस्ती माणसासाठी त्या स्टेशनाचं नाव म्हणजे मुक्ती मिशन आणि पंडिता रमाबाई. मन पूर्ण होण्याची गोष्ट मला सांगायची झाली तर मी कुठल्याही परदेशी संताआधी रमाबाईंकडे जाते, कारण त्यांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं ते सांगायला धैर्य लागतं.

त्यांचा बाप्तिस्मा 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. त्याआधी आईवडील आणि बहीण दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, कडेवर लेक मनोरमा. कलकत्त्याने 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलेलं, पुण्यात आर्य महिला समाज काढलेला. बाप्तिस्म्याने पुण्यात केवढा गदारोळ झाला ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे जे सोडायचं ते त्यांनी सोडलेलं होतं. नाव, समाज, लौकिक, सगळं. आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

आठ वर्षं! एवढं सगळं गमावूनही आपल्या हाती मुख्य गोष्ट आलेलीच नाही, हे स्वतःशी कबूल करणं किती कठीण असेल. विरोधकांच्या हातात कोलीत देण्यासारखं होतं ते. दुसरं कुणी असतं तर दिलेल्या किमतीकडे बोट दाखवून म्हणालं असतं, एवढं सोसलं ते काय उगाच? रमाबाई तसं म्हणाल्या नाहीत. जे दिलं त्याच्या आधारावर उभं राहायचं त्यांनी नाकारलं आणि रिकाम्या हाताने पुन्हा सुरुवात केली.

याच काळात त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, मुंबईहून पुण्यात आलेली होती, 1890 मध्ये. शाळेत धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं आणि रमाबाई तो शब्द पाळत होत्या. पण त्यांची स्वतःची प्रार्थना चाले तेव्हा त्या खोलीचं दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर संस्था शाबूत राहती. रानड्यांची बाजूही मला समजते. शहरातल्या विधवा मुलींना शिकायला मिळत होतं आणि ते गमावण्याची त्यांना खरीखुरी भीती होती. पण रमाबाईंना एक आयुष्य शाळेत आणि एक दाराआड असं जगताच येत नव्हतं. ज्या बाईने आठ वर्षं दुभंगून काढली ती पुन्हा दार कसं लावून घेणार?

नंतर 1896-97 चा दुष्काळ. आधीच्या एका दुष्काळात आपले आईवडील गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेल्या मुली, विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे मुक्ती उभी राहिली. विहिरी, शेत, गोठा, विणकाम, आणि छापखाना.

त्या छापखान्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. संस्कृतच्या पंडिताने, आईकडून पुराणांचे हजारो श्लोक मुखोद्गत केलेल्या बाईने, उतरत्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. कशासाठी? दुष्काळातून आलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता यावं म्हणून. विद्वानांना आवडेल अशी मराठी त्यांच्या हातचा मळ होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि साधी, खेड्यातली बाई बोलेल तशी मराठी शोधत बसल्या. आणि खिळे जुळवणाऱ्या, प्रुफं काढणाऱ्या, छपाई करणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच मुली.

1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती ती. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या, थकलेल्या. भाषांतर थांबलं नाही. शेवटची प्रुफं तपासून होईपर्यंत दिवस मिळावेत अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम संपलं तसा प्राण सोडला, असं सांगतात. 5 एप्रिल 1922. छापून बांधलेलं पूर्ण बायबल त्यांनी पाहिलं नाही.

ते भाषांतर पुढे मंडळ्यांमध्ये रुळलंही नाही. व्यासपीठावर दुसरंच असतं. माणसाच्या हिशेबाने बघितलं तर एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली असं कुणी म्हणू शकेल. मी एकदा त्याची जुनी प्रत हातात घेतली होती. कागद तांबूस झालेला, अक्षरं काही ठिकाणी दाबून उठलेली, काही ठिकाणी पुसट. एका पानावर ओळीच्या शेवटी एक खिळा किंचित वर बसलेला होता, तेवढं एक अक्षर ओळीबाहेर डोकावत होतं. कुणीतरी मुलीने ते जुळवलं असणार. मध्य प्रांतातून उपाशी आलेल्या एखाद्या मुलीने. मला तेव्हा यश-अपयशाचा विचार सुचला नाही, तो आजही सुचत नाही.

रमाबाईंबद्दल लिहिताना त्यांना बाप्तिस्म्याकडे वळवण्यात ज्यांच्या पत्रांचा मोठा हात होता त्या फादर नेहेम्या गोऱ्यांना विसरून चालणार नाही. हे काशीचे चित्पावन पंडित, 1848 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे पुण्यात पंच हौदाच्या मिशनमध्ये राहिले. शंकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. पूर्ण मन म्हणजे शंका नसलेलं मन असं ज्यांना वाटतं त्यांना मी गोऱ्यांचं नाव सांगते. ते शंका घेऊन प्रभूपाशी येत राहिले, शंका मिटेपर्यंत बाहेर थांबले नाहीत.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांच्याबद्दल आपण भरभरून बोलतो, बोलावंच. 1895 चा बाप्तिस्मा, अभंग, आणि शेवटी साताऱ्यातला 'देवाचा दरबार', मिशनची चौकट सोडून ख्रिस्ती संन्याशाचं जगणं. पूर्ण मनाचा माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण त्यांच्या पूर्ण मनाची अर्धी किंमत लक्ष्मीबाईंनी भरली आणि ती त्यांना न विचारता त्यांच्या नावावर टाकण्यात आली होती. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना किती वर्षं वेगळं राहावं लागलं, किती बोलणी ऐकावी लागली! घरातलं होतं नव्हतं ते टिळक उचलून कुणालाही देऊन टाकत. रात्रीच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंना.

आमच्या पुरुषांच्या साक्षींमध्ये हे सहसा येत नाही. 'मी नोकरी सोडली आणि सेवेत उतरलो' असं भाऊ सांगतात तेव्हा मी मागच्या बाकावर बसलेल्या वहिनींकडे बघते. कुणी प्रभूला काही देत असेल तर आधी ते त्याचंच आहे ना, एवढं पाहायला हवं. लक्ष्मीबाई 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेला ख्रिस्ती झाल्या. आणि टिळक गेल्यावर त्यांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं अपुरं राहिलेलं काव्य 'ख्रिस्तायन' याच बाईने पुढे नेलं, जिला अक्षरओळख नवऱ्याने करून दिली होती. आधी लादलेली किंमत आणि नंतर स्वतः होऊन दिलेलं आयुष्य, यातला फरक त्यांच्याइतका कुणाला कळला असेल असं मला वाटत नाही. माझ्या दृष्टीने दोघांत त्या मोठ्या आहेत. टिळकांवर माझा जीव आहे, तरीही.

आता थोडं आजचं, माझ्या डोळ्यांपुढचं.

आमच्या मंडळीत कापणीचा सण होतो. गावाकडच्या मंडळ्यांत ज्वारीची ताटं, उसाच्या मोळ्या, कोंबड्या येतात. शहरात आम्ही केक, लोणच्याच्या बरण्या, केळीचे घड, कुंडीतली झाडं आणतो. उपासना झाली की चर्चच्या आवारात लिलाव. 'दोनशे एक... दोनशे दोन...' पोरांना तर हा दिवस ख्रिसमसइतकाच आवडतो. वानवडीच्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या एक मावशी आमच्यात येतात. त्या दरवर्षी टोमॅटोची एक पाटी आणतात. एका वर्षी लिलावात ती पाटी माझ्या वाट्याला आली. घरी येऊन ती ओट्यावर उपडी केली. भाजी घेणाऱ्या कुणालाही माहीत असतं की वरचा थर बघण्याचा असतो. लाल, टणक, गोमटे वर आणि मऊ पडलेले खाली. या पाटीत तसं नव्हतं. वरून खालपर्यंत एकसारखे, देठ ताजे, तळाशी दबून एकही फुटलेला नाही, कारण तळाला तिने दुमडलेलं मऊ फडकं घातलेलं होतं. फडकंही धुतलेलं.

रस्त्यावरच्या पाटीत जे विकत नाही ते देवाला द्यायचं, असं तिने केलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. लिलावात वरचाच थर दिसतो. मी पुढच्या रविवारी तिला म्हटलं, मावशी, टोमॅटो फार छान होते हो, अगदी तळापर्यंत. ती गोंधळली. 'मग कसे असणार, बाई?' म्हणाली.

कलस्सैकरांस पत्रात पौल दासांना लिहितो, जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. दासांना लिहितो, हे महत्त्वाचं. ज्यांच्याकडे सोडून द्यायला चांदी नाही, पद नाही, नाव नाही, ज्यांचे दिवसाचे तासही स्वतःचे नाहीत, त्यांना तो पूर्ण मनाची गोष्ट सांगतो. म्हणजे ती त्यांना शक्य आहे असं धरूनच सांगतो. मगरपट्ट्यातल्या ऑफिसात रात्री अमेरिकेचे फोन घेणारी आमची मुलं मला विचारतात, ताई, आम्हाला वेळच नाही, आम्ही कसलं समर्पण करणार? वेळ नाही हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण जो टाइमशीट भरायचा आहे तो खरा भरता येतो. हाताखालच्या नवीन पोराचं काम आपल्या नावावर न टाकता पुढे पाठवता येतं. यासाठी वेगळा वेळ लागत नाही. बढती मात्र हुकू शकते, आणि तिथे शंभर किक्कारांचा प्रश्न पुन्हा येतो, नवे कपडे घालून.

शेवटी कालेब. वचनदत्त देश हेरायला गेलेल्या बारांपैकी तो एक, आणि प्रभूला पूर्णपणे अनुसरला असं त्याच्याबद्दल पुन्हापुन्हा म्हटलेलं आहे. बाकीच्यांच्या भित्रेपणामुळे त्यालाही अरण्यात काढावी लागली ती वर्षं. वसुलीचा हक्क कुणाला असेल तर त्याला. पंचाऐंशीव्या वर्षी तो यहोशवापुढे उभा राहिला आणि त्याने मागितलं ते काय? सुपीक, तयार जमीन नाही. ज्या डोंगराळ मुलखात अजून धिप्पाड अनाकी राहतात, तटबंदीची नगरं आहेत, तो डोंगर मला दे, म्हणाला.

आमच्या मंडळीतले एक काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. ऐंशी उलटून गेली आहे. मंडळीसाठी त्यांनी काय काय केलं हे जुन्या लोकांना माहीत आहे. गळकं छप्पर दुरुस्त व्हायला ते स्वतः शिडीवर चढलेले आहेत. गेल्या वर्षी त्यांचा सत्कार करावा असं कमिटीत निघालं. शाल, श्रीफळ, मानपत्र. काकांनी पाळकसाहेबांना गाठून सांगितलं, शाल नको, मला काम हवं आहे.

'काका, आता आराम करा की.'

'संडेस्कूलचा मोठ्या पोरांचा वर्ग कोण घेतं?'

कुणीच घेत नव्हतं. पंधरा ते अठराची ती पोरं शेवटच्या बाकावर मोबाईल घेऊन बसतात, उलटे प्रश्न विचारतात, आणि आधीचे दोन शिक्षक कंटाळून सोडून गेले होते. पाळकसाहेब म्हणाले, ती फार अवघड आहेत हो.

'म्हणून तर मागतोय.'

त्यांना वर्ग मिळाला. पहिले काही रविवार पोरांनी त्यांना ताटकळत ठेवलं, हे मला माझ्या मुलाने सांगितलं. तो त्याच टोळक्यात असतो. काका वेळेवर येऊन बसत, एकटेच. आता सात-आठ जण नियमित असतात आणि वर्ग ठरल्या वेळेपेक्षा लांबतो, त्यामुळे आईबापांना आवारात थांबावं लागतं. काकांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पोरं प्रश्न वहीत लिहून देतात. परवा रात्री नऊच्या पुढे त्यांचा फोन आला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून एका पोराने डायनोसॉरचं विचारलंय, त्याला उडवून लावायचं नाहीये, मराठीत वाचण्यासारखं एखादं चांगलं पुस्तक आहे का, मोठ्या टायपाचं, आणि शनिवारच्या आत मिळेल का?